शेंदराची बाजू

कुठल्याही गाडीत बसलो की मी आधी दोन्ही पाय खालच्या पत्र्याला सपाट टेकवतो. बस असो, कोणाची मोटार असो, लग्नाचा ट्रक असो. नातवंडं हसतात, त्यांना वाटतं आजोबा घाबरले. घाबरायचं वय माझं केव्हाच गेलं. गाडी हलते ती कुठून हलते, एवढंच मी बघत असतो. ही सवय मला संपत इंगळेनं लावली.

तेव्हा आमचं वऱ्हाड मध्यप्रांताच्या दावणीला होतं आणि कुठल्याही कामाचा कागद नागपूरला जाऊन यायचा. लढाई नुकतीच संपली होती. सोनाळ्याला एका डॉक्टरांचा खाजगी दवाखाना होता, तिथं मी कंपाउंडर होतो. डॉक्टर नागपूरला शिकलेले, एकटे, सदा दमलेले. सातपुड्याच्या पायथ्याची सगळी गावं त्यांच्याकडे यायची, आणि ज्यांना येता यायचं नाही त्यांच्याकडे डॉक्टर जायचे. आधी दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, जायचे. मग लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या तेव्हा त्यांनी एक जीप आणली. डाव्या हाताला स्टिअरिंग, वर फाटकी ताडपत्री, आणि मागं माझ्यासाठी पत्र्याचं बाक. त्या बाकानं माझ्या कंबरेचं जे केलं ते मी अजून भोगतोय.

जीप चालवणार कोण हा प्रश्न फार दिवस राहिला नाही. वरवट बकालचा संपत इंगळे ब्रह्मदेशच्या आघाडीवरून परत आला होता. तिथं तो अशाच जीपा चालवायचा. उंच, हडकुळा, गालफडं बसलेली, आणि अंगात उन्हाळ्यातसुद्धा लष्कराचा खाकी कोट. वय काही फार नव्हतं, पण माणूस मुळातच थकून जन्माला आला असावा असा दिसायचा. डॉक्टरही तसेच आणि मीही तसाच. आम्ही तिघं जीपमधून उतरलो की लोकांना कळायचं नाही की पेशंट कोण.

लढाईबद्दल लोक त्याला फार छळायचे. सोनाळ्याच्या पारावर बसलेली माणसं बंदुका, विमानं, गोरे साहेब असलं काहीतरी ऐकायला आसुसलेली असायची. संपत विचार करून सांगायचा, "तिथं लय चिखल होता." बस, एवढंच. पुन्हा विचारलं तर पुन्हा चिखल. एकदा एकानं चिडून विचारलं, की बाबा, चिखलाशिवाय काही पाहिलंस की नाही? तर म्हणाला, "पाह्यलं. त्याच्यातच होतं."

तो गाडी 'चालवतो' असं कधी म्हणायचा नाही. 'नेतो' म्हणायचा, जसं बैल पाण्यावर नेतात. आणि मागं गाडी घ्यायचा त्याला मनस्वी कंटाळा होता. गल्लीत शिरला की सरळ पुढं, गाव संपेपर्यंत. एकदा एका गावात असाच पुढं पुढं जात कोणाच्या तरी खळ्यात जीप घेऊन गेला. मळणी चालली होती. शेतकऱ्याला वाटलं डॉक्टर आपली ज्वारी बघायला आले. त्यानं बैल थांबवले, घोंगडी अंथरली, बायकोला चहा टाकायला सांगितला. डॉक्टरांना त्या घोंगडीवर बसून ज्वारीचं कौतुक करावं लागलं. परत येताना त्यांनी संपतला विचारलं की गाडी उलट घेतली असती तर काय बिघडलं असतं. संपत म्हणाला, "साहेब, मांगचं दिसत नाही. जे दिसत नाही तिकडं मी गाडी नेत नाही."

त्या चहाच्या वेळचीच आणखी एक गोष्ट. चहा कुठंही आला तरी संपत आधी हात आडवा करून सांगायचा, "मले अर्धाच." कपभर चहा त्यानं घेतलेला मी पाहिला नाही. बशीत ओतून तर कधीच प्यायचा नाही. आम्ही त्याला चिडवायचो की लष्करातून साहेबी शिकून आलास. तो हसायचा आणि कप दोन्ही हातांत धरून, तोंड खाली नेऊन प्यायचा. मला तो थंडीवाल्या माणसाचा चाळा वाटायचा.

पण गाडी न्यावी ती त्यानंच. काळ्या मातीची चाकोरी, नाल्यातले गोटे, घाटाखालची मुरमाड चढण, सगळीकडे त्याची जीप अशी जायची की माझ्या पेटीतल्या बाटल्या एकमेकींना लागायच्या नाहीत. एकदा डोंगराकडच्या एका वस्तीवरून अडलेली बाई दवाखान्यात आणायची होती. तिची सासू माझ्याशेजारी बसलेली, तोंडाचा पट्टा सुरू. संपत इतका सावकाश चालला होता की म्हातारीचा धीर सुटला. म्हणाली, "काऊन बे, हे मोटार हाय का काय हाय? माहे बैल याच्या पुढं गेले असते." संपतनं मान न वळवता सांगितलं, "मंग त्याइलेच सांगाचं होतं, माय." म्हातारी गप्प बसली. बाई सुखरूप पोचली, मुलगी झाली, आणि बारशाला त्या म्हातारीनं संपतलाच आधी घुगऱ्या दिल्या.

त्या जीपमधून अशा किती बायका दवाखान्यात आल्या असतील याचा हिशेब कोणी ठेवला नाही. डॉक्टर म्हणायचे की माझी अर्धी डॉक्टरी संपतच्या पायात आहे. हे ते त्याच्या तोंडावर म्हणायचे नाहीत, पण त्याला ते ठाऊक होतं. त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. शेत भावांकडे गेलेलं. मूलबाळ नाही. बायको लोकांच्या वावरात निंदायला जायची. जीपच्या स्टिअरिंगमागं बसला की मात्र लोक त्याला 'संपतराव' म्हणायचे.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी नाल्यातून निघताना जीपच्या पोटात काहीतरी तुटलं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा एक लोखंडी दांडा असतो, त्याला शाफ्ट म्हणतात. संपत 'शाफ' म्हणायचा. त्याचा सांधा तुटून दांडा वाकला होता. बैल लावून जीप खामगावला करीम मिस्त्रीकडे नेली. करीम मिस्त्रीकडे लिलावातल्याच एका मेलेल्या जीपचा शाफ्ट होता, तो त्यानं बसवला. जीप सोनाळ्याला आली आणि तशीच उभी राहिली, कारण पेट्रोलची कुपनं संपली होती. ती मिळाली दसऱ्यानंतर.

मधल्या काळात खंडेनवमी आली. घरोघर विळे, कोयते, पाभरी धुऊन पुजतात तशी संपत जीप पुजायचा. त्या वर्षी तो हातात वाटी घेऊन जीपखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी वाकून बघितलं तर उताणा पडून नव्या शाफ्टला शेंदूर चोपडत होता, मारुतीला चोपडतात तसा. मी विचारलं की तिथं कोण बघायला येणार आहे. तो म्हणाला, "दुसऱ्या गाडीचं हाड हाय हे. मेलेल्या गाडीचं. त्याले आपलं करा लागते." शेंदूर तिळाच्या तेलात न कालवता त्यानं जवसाच्या तेलात कालवला होता, कारण घरात तेच होतं. पुढं दर शनिवारी गावातल्या मारुतीचं झालं की उरलेला शेंदूर तो शाफ्टला लावायला लागला. आमच्याकडे यात कोणाला काही वावगं दिसत नाही. मलाही दिसलं नाही.

दसऱ्यानंतर पहिल्याच फेरीला जीप थरथरली. हळू चालली की ठीक, जरा वेग घेतला की पायाखालचा पत्रा झणझणायला लागायचा, मग सीट, मग स्टिअरिंग. दर आठवड्याला जरा जास्त. माझ्या पेटीतल्या बाटल्या वाजायला लागल्या. एक पोटुशी बाई मध्येच उतरून पायी निघाली आणि डॉक्टर तिच्यामागं विनवण्या करत धावले. आधी सगळे म्हणाले की शाफ्टच खराब आहे. संपत जीप घेऊन करीम मिस्त्रीकडे गेला. त्यानं खालून सगळं तपासलं. सांधे घट्ट, बोल्ट घट्ट, दांडा सरळ, जोड नीट बसलाय हे दाखवणाऱ्या बाणाच्या खुणा समोरासमोर. त्यानं निरोप धाडला की शाफ्टमध्ये काही दोष नाही.

मग गावात दुसरं बोलणं सुरू झालं. कोणीतरी संपतचा हात पाहिला होता. विडी पेटवताना काडी दोनदा विझते, सुपारी कातरता येत नाही, ब्रह्मदेशातल्या तापानं नसा गेल्यात. गाडी हलत नाही, संपत हलतो. बोलणारी तोंडं तीच, पारावरची. डॉक्टरांच्या कानावर गेलंच. त्यांनी एका दुपारी त्याला आत बोलावलं आणि हात पुढं करायला लावले. संपतनं हात मागं घेतले आणि म्हणाला की थरथर गाडीची आहे, स्टिअरिंग धरून धरून हातात उतरते. डॉक्टरांनी कपाळ चोळलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्याला स्वच्छ सांगितलं की आपण सगळे खामगावला जाऊ, मिस्त्री आपल्यासमोर गाडी बघेल. गाडीत दोष निघाला तर जन्मभर तूच चालव. नाही निघाला तर पाटलांचा भाचा गाडी शिकलाय, तो चालवेल, कारण माझ्या गाडीत अडलेल्या बायका बसतात.

संपत तसाच उठला. बाहेर येऊन माझ्यापाशी बसला. "कंपोंडरभाऊ," तो म्हणाला, "तुमी पाय टेकवून पाहा बरं. पायाले कळते. हात लबाडी करते, पाय नाही करत." खामगावला जाईपर्यंत मी पाय टेकवून बसलो. थरथर पायात होती. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

करीम मिस्त्रीची जागा म्हणजे एक पत्र्याची शेड आणि पुढं बाभळीची सावली. मिस्त्री म्हातारा, मेंदी लावलेली दाढी, आवाज मऊ. त्यानं आधी स्वतः जीप रस्त्यावर नेली, मी मागं बसलो. वेग घेतला, पत्रा झणझणला, तसा त्यानं क्लच दाबला आणि इंजिन बंद केलं. गाडी नुसती घरंगळत होती, तरी झणझण तशीच. मिस्त्री म्हणाला की म्हणजे इंजिन नाही. मग परत येऊन त्यानं मागचा शाफ्ट सोडवून काढलाच. जीपची पुढची चाकंही इंजिनाला जोडता येतात, तशी जोडून तो नुसत्या पुढच्या चाकांवर मला घेऊन चक्कर मारून आला. झणझण गेली होती. पाय टेकवलेलेच होते माझे, काही नाही. पाण्यावरून चालल्यासारखी गाडी.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मिस्त्री संपतला म्हणाला की तूही एक चक्कर मारून बघ. संपत एकटाच गेला. परत आला तो गाडी उभी करून बराच वेळ तसाच बसून राहिला. मी विचारलं काय झालं. "बरी चालते," तो म्हणाला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं इतक्या दिवसांचा अपमान आठवत असेल.

दोष शाफ्टमध्ये होता हे ठरलं, पण काय दोष हे ठरायचं होतं. मिस्त्रीनं दोन लोखंडी पट्ट्या सारख्या उंचीवर ठेवल्या आणि शाफ्ट त्यांच्यावर आडवा ठेवून बोटानं ढकलला. शाफ्ट घरंगळला, डुलला आणि थांबला. खाली शेंदराची बाजू. पुन्हा ढकलला, पुन्हा डुलून शेंदराचीच बाजू खाली. डॉक्टरांनी स्वतः ढकलून पाहिला. तेच. जीपखाली उताणं पडून लावलेला शेंदूर होता तो, पहिल्या दिवशी हात पोचला तेवढ्याच बाजूला लागलेला, शनिवारमागून शनिवार गाडी जरा ढकलून तीच बाजू खाली आणत थरावर थर चढवलेला. वरची बाजू कोरी. डॉक्टर वाकून बघत राहिले आणि म्हणाले की शेंदूर म्हणजे शिसंच की, आणि जवसाच्या तेलात तो सिमेंटासारखा बसतो. चरख्याच्या चातीला एका बाजूला कापसाचा गोळा चिकटला की ती कशी थडथडते, तसं चाललं होतं.

पण मिस्त्रीनं पहिल्या वेळीच हा शेंदूर पाहिला असणार. मी त्याला तसं विचारलं. तो हात पुसत राहिला. मग संपतकडे बघून म्हणाला, "देखा था, भाऊ. पर तुमारे देव का है. मैं कैसे हात लगाता? इसकू छोडके बाकी सब देखा." आणि खरंच, आतासुद्धा त्यानं शाफ्ट धरला होता तो दोन्ही टोकांना, शेंदूर लागणार नाही असा. आम्हीही जीपखाली वाकून तो शेंदूर कितीदा पाहिला होता. मिस्त्रीनं अदब ठेवली, आम्ही भक्ती, आणि दोन्हींच्या मध्ये संपत महिनाभर भरडला गेला. मला त्या सगळ्या चांगुलपणाचा त्या दिवशी अतिशय संताप आला.

संपतनं शाफ्टला हात जोडले. मग मिस्त्रीकडून छिन्नी घेतली आणि बाभळीखाली बसून एकेक खपली काढायला लागला. शाफ्ट मांडीवर, कोटाच्या बाह्या वर सरकवलेल्या. छिन्नी दोनदा निसटली. मिस्त्री मदतीला सरकला तर संपत म्हणाला, "राहू द्या, चाचा. माह्यानं लागलं, माह्यानंच निंघन." खपल्या त्यानं रुमालात बांधल्या, मारुतीपुढं ठेवायला. रुमाल डॉक्टरांनी हातात तोलून पाहिला आणि परत दिला.

शाफ्ट बसवून आम्ही निघालो. गाडी पहिल्यासारखी झाली होती. डॉक्टर पुढं, मी मागं बाकावर. दोन्हीकडे कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायका माना वर करून बघत होत्या. डॉक्टर मोकळे झाले होते. त्यांनी संपतच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझं चुकलं असं सरळ सांगितलं. म्हणाले, गाडीच हलत होती, आता कोणी काही बोलणार नाही. पारावर जाऊन त्या लोकांना काय काय सुनवायचं ते मी मनात जुळवत होतो.

संपतनं एका निंबाच्या झाडाखाली गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. मला वाटलं पाणी प्यायचं असेल. तो उतरला नाही.

"साहेब," तो म्हणाला, "गाडी बंद हाय. आता पाहा."

त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. नेहमीसारखेच, सैल. मी मागून वाकून पाहिलं. स्टिअरिंग मेलेलं होतं, सगळी जीप मेलेली होती, आणि त्याची बोटं थरथरत होती. खूप नाही. कपभर चहा सांडेल एवढी.

"इतले दिवस मी म्हणे, गाडी हाय. खोटं नाही म्हटलं, मले खरंच वाटे. मिस्त्रीनं शाफ काढला, मी चक्कर माराले गेलो, गाडी एकदम गप. तवा समजलं का दोघं बी हलत होतो. आता ते बरी झाली. मी नाही होत."

डॉक्टर म्हणाले की अजून तर गाडी नीट चालवतोस, कोणाला कळणारही नाही. संपत म्हणाला, "तुमच्या गाडीत बाया बसते, साहेब. तुमीच म्हटलं."

त्याच्यापुढं एक शब्द जास्त नाही. रागानं म्हणाला असता तर आम्हाला सोपं गेलं असतं. तो नुसता दमलेला होता. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की घरापर्यंत तूच ने. त्यानं नेली. तसा प्रवास मी पुन्हा केला नाही. नाल्यात उतरताना आणि चढताना बाटलीला बाटली लागली नाही. दवाखान्यापुढं जीप उभी करून त्यानं चावी माझ्या टेबलावर, खलबत्त्याशेजारी ठेवली, आणि रुमाल घेऊन मारुतीकडे गेला.

पारावरच्यांना मी काहीच सुनावलं नाही. काय सुनावणार होतो?

डॉक्टरांनी त्याला दवाखान्यात काहीबाही काम देऊ केलं, औषधाच्या बाटल्या धुण्याचं वगैरे. तो म्हणाला की बाटल्या फुटतील. मग तो वरवट बकालला भावांच्या मळ्यात राखणीला राहिला. पाटलांचा भाचा जीप चालवायला लागला. पोरगा बरा होता, मागंसुद्धा गाडी छान घ्यायचा, पण माझ्या बाटल्या वाजायच्या त्या वाजायच्याच.

वरवट बकालहून जाताना जीप तिथल्या पारापाशी थांबायची. संपत तिथं असायचा, तोच कोट अंगात. डॉक्टरांना रामराम करायचा, मला विचारायचा, "पाय काय म्हणते, कंपोंडरभाऊ?" मी म्हणायचो ठीक म्हणतात. मग तो पुढं येऊन बॉनेटवर पंजा ठेवून उभा राहायचा. पोरगा इंजिन बंद करायला जायचा तर संपत मान हलवून त्याला नको म्हणायचा. शेवटचा मी त्याला पाहिला तोही तसाच. चहा आला होता, अर्धाच, तो कठड्यावर निवत होता, आणि संपत डोळे मिटून, हात बॉनेटवर टेकवून उभा होता. मी त्या हाताकडे बघत होतो आणि पारावरची माणसंही बघत होती. पण चालू गाडीच्या बॉनेटवर कोणाचाही हात हलतोच.